मेका डायोरामा पहिल्यांदा करताना: आधी गोष्ट, मग गोंद

मेका म्हणजे माणसाने आत बसून चालवायचं काल्पनिक महायंत्र, आणि डायोरामा म्हणजे त्याचं लहान मॉडेल जमिनीसकट मांडून केलेलं दृश्य. किट (सुट्या भागांचं मॉडेल) नीट जोडलेलं असतं, रंग स्वच्छ बसलेला असतो, पायाखाली माती आणि गवतही असतं. तरी दोन पावलं मागे सरून पाहिलं की मातीवर खेळणं ठेवल्यासारखं वाटतं. पहिला डायोरामा बहुतेक वेळा इथेच अडतो. मग आणखी ओरखडे, आणखी गंज, आणखी चिखल चढवला जातो आणि तो अधिकच नकली दिसू लागतो. खांद्यावरचा ओरखडा कशाने पडला, चिखल गुडघ्यापर्यंतच का आहे, हे करणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं. मग पाहणाऱ्याला ते कुठून दिसणार?

त्यामुळे इथे गोष्ट पहिल्या पायरीवर ठेवली आहे. बरेच जण ती शेवटी, नामपट्टीवर लिहायला काहीतरी हवं म्हणून रचतात. तोवर रंग वाळलेला असतो आणि गोष्टीचं खरं काम हातचं गेलेलं असतं. कुठला भाग झिजवायचा, कुठला कोरा ठेवायचा, पाय किती रुतवायचे, हे सगळं गोष्टच ठरवते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. धरणाच्या दुरुस्तीसाठी बनवलेलं १८ मीटर उंचीचं यंत्र. कामगार त्याला नुसतं ‘चार नंबर’ म्हणतात. पुरात एक लोखंडी दरवाजा निखळला आणि चार नंबरने तो तीन दिवस उजव्या खांद्यावर पेलून धरला. आता पाणी ओसरलंय. चालक खाली उतरून यंत्राच्या पायावर बसलाय आणि बूट काढतोय. बस, एवढंच दृश्य.

काय काय लागेल

कागदावरचं:
- यंत्राची सेवापुस्तिका (एक पान, पायरी १ मध्ये)
- तळाचा खऱ्या मापाचा आराखडा
- रंगांची नोंद: कुठला रंग, किती प्रमाणात, कुठे

जोडकामासाठी:
- प्लास्टिक कापायचा निपर, हॉबी नाइफ आणि जादा पाती
- ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचे पॉलिश पेपर, शक्यतो स्पंजवर चिकटवलेले
- पातळ प्लास्टिक सिमेंट, सुपरग्लू, दोन भागांचं इपॉक्सी, इपॉक्सी पुटी
- हाताने फिरवायचं छोटं ड्रिल (पिन व्हाइस), ०.५ ते २ मिमीचे बिट
- ०.३, ०.५ आणि १ मिमी जाडीची स्टायरीन (प्लास्टिक) शीट, ०.३ मिमी तांब्याची तार, १.५ मिमी पितळी सळई

रंगकामासाठी:
- करडा प्रायमर, अ‍ॅक्रिलिक रंग, तैलरंगाच्या तीनचार ट्यूब, इनॅमल वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग)
- ग्लॉस (चकचकीत) आणि मॅट (बिनचमकीचा) क्लिअर कोट
- मातीच्या छटांची तीन पिगमेंट (कोरड्या रंगाची पूड)

तळासाठी:
- १२ मिमी जाडीचा लाकडी किंवा एमडीएफचा बोर्ड, २५ मिमी एक्सपीएस फोम (थर्मोकोलसारखा, पण घट्ट)
- सुतारकामाचा पांढरा गोंद (पीव्हीए), पेपर पल्प, चाळलेली माती, पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) असेल तर उत्तम. नसेल तर पहिलं काम स्प्रे कॅन आणि ब्रशवर व्यवस्थित होतं. मास्क मात्र हवाच, आणि तोही सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या फिल्टरचा. धुळीचा साधा कापडी मास्क थिनरच्या वाफा अडवत नाही.

१. सेवापुस्तिका लिहा

कादंबरी लिहू नका. राजकारण, युद्धाचा इतिहास, ग्रहांची नावं यांतलं प्लास्टिकवर काहीच उतरत नाही. एका पानात खालच्या प्रश्नांची उत्तरं पुरतात, पण ती नेमकी हवीत.

यंत्राचं रोजचं काम काय? चार नंबर दरवाजे उचलतं, गाळ उपसतं. म्हणजे हाताची बोटं, तळवे आणि गुडघ्यांचा पुढचा भाग सर्वांत जास्त झिजलेला. पाठ जवळपास कोरी.

वय किती, शेवटचा रंग कधी दिला? समजा, यंत्र अकरा वर्षांचं आणि रंग चार वर्षांपूर्वीचा. म्हणजे ऊन लागणारे वरचे पृष्ठभाग फिकट, काखेतला रंग अजून गडद.

कुठला भाग बदललेला आहे? डावा गुडघा दुसऱ्या यंत्राचा बसवलाय, म्हणून त्याचा रंग वेगळा आणि त्यावरचा क्रमांकही वेगळा. नवख्या माणसासाठी ही एक बाब फार मोलाची आहे. एकच पॅनल वेगळ्या छटेत रंगवलं की यंत्राला भूतकाळ मिळतो, आणि त्याला कौशल्यही फारसं लागत नाही.

यंत्र कशाचं बनलंय? पोलाद गंजतं, अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, कॉम्पोझिटला (मिश्र साहित्याला) भेगा पडतात. सगळीकडे नारिंगी गंज लावण्याआधी हे ठरवा. चार नंबरचा सांगाडा पोलादी आहे, वरची आवरणं अ‍ॅल्युमिनियमची. त्यामुळे आवरणावर रंग उडालेल्या जागी राखाडी चमक दिसेल, आणि गंज फक्त सांधे, बोल्ट आणि पायांवर.

चालक वर कसा चढतो? हा प्रश्न नेहमी राहून जातो. शिडी, पायऱ्या, पकडायचे दांडे यांपैकी काहीतरी हवंच, आणि जिथे रोज हात-पाय लागतात तिथला रंग घासून गुळगुळीत झालेला हवा.

आणि शेवटचा प्रश्न: दृश्याच्या दहा मिनिटं आधी काय झालं? उत्तर एका वाक्यात येत नसेल तर दृश्य अजून ठरलेलं नाही. लढाईच्या ऐन धुमश्चक्रीपेक्षा ‘नुकतंच संपलेलं’ किंवा ‘आता सुरू होणारं’ दृश्य पहिल्या कामाला सोपं पडतं. हवेत उडणारे दगड, स्फोट, धूर हे सगळं विश्वासार्ह दिसायला कठीण असतं.

२. प्रमाण (स्केल) पक्कं करा

बंदाई या जपानी खेळणी कंपनीने १९८० मध्ये पहिलं गनप्ला किट (‘गुंडम’ या मालिकेतल्या यंत्राचं प्लास्टिक मॉडेल) काढलं ते १/१४४ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १४४व्या भागाएवढं होतं. आजही त्यांच्या हाय ग्रेड आणि रिअल ग्रेड श्रेणीतली बहुतेक किट याच मापाची असतात, मास्टर ग्रेड १/१००, परफेक्ट ग्रेड १/६०. जपानी मॉडेलकार कोऊ योकोयामांच्या माशिनेन क्रीगर मालिकेतली चिलखती यंत्रं मुख्यतः १/२० मापात मिळतात. तिथे यंत्र लहान आणि माणूस मोठा, त्यामुळे दृश्याचा जीव चालकाच्या चेहऱ्यात असतो. १/१४४ मध्ये तो यंत्र आणि जमीन यांच्या आकारातल्या फरकात असतो.

पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १/१४४ मध्ये १२ मिमी, १/१०० मध्ये १७.५, १/७२ मध्ये २४, १/३५ मध्ये ५० आणि १/२० मध्ये ८७ मिमीच्या आसपास येतो. पहिल्या कामासाठी १/१४४ घ्या. किट लहान, तळ लहान, आणि रेल्वे मॉडेलच्या एन स्केलमधले माणसांचे पुतळे (१/१५० ते १/१६०) फारसा फरक न जाणवता चालून जातात.

आता कागदावर लिहून समोर लावून ठेवायची मापं. १/१४४ मध्ये दोन मीटरचा दरवाजा १४ मिमी. १.१ मीटरचा कठडा साडेसात मिमी. शिडीच्या दोन पायऱ्यांतलं ३० सेंमीचं अंतर म्हणजे २ मिमी. साडेतीन मीटरची रस्त्याची मार्गिका २४ मिमी. कठड्याच्या पाइपाला ०.३ मिमी तार बरोबर बसते, कारण ती प्रत्यक्षात ४ सेंमी जाड ठरते. १ मिमीची सळई वापरलीत तर तो कठडा १४ सेंमी जाडीचा होतो आणि यंत्र एकदम खेळण्याएवढं लहान भासतं. यंत्र मोठं दिसावं असं वाटत असेल तर त्याच्या आसपासच्या वस्तू बारीक करा.

३. तळाचा आराखडा आणि कागदी मांडणी

१/१४४ च्या एका यंत्रासाठी २० × २० सेंमी तळ पुरेसा आहे. मोठा तळ घेतला की रिकामी जागा भरायची म्हणून नको त्या वस्तू येत जातात.

खोक्याच्या पुठ्ठ्यातून भिंत, दरवाजा, रस्ता कापा आणि न रंगवलेलं किट मधे उभं करून दोन दिवस तसंच ठेवा. जाता-येता बघा. धरणाची भिंत तळाच्या कडेला समांतर ठेवू नका. १५ ते २० अंश वळवा. समांतर रेषा कपाटातल्या फळीसारख्या दिसतात. यंत्र अगदी मध्यभागी नको, थोडं मागे आणि एका बाजूला हवं, म्हणजे पुढे चालकासाठी मोकळी जागा राहते. यंत्राचं डोकं, दरवाजाचा कोपरा आणि चालक हे तीन बिंदू मनात जोडले की तिरका त्रिकोण व्हायला हवा. नजर यंत्रावरून घसरत खाली येऊन चालकावर थांबते की नाही, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारून बघा. तुम्हाला गोष्ट आधीच माहीत असते, त्यामुळे तुमचा अंदाज चुकतो.

बोर्ड दोन्ही बाजूंनी आणि कडांवर व्हार्निश किंवा अ‍ॅक्रिलिक रंगाने बंद करा. एकाच बाजूला ओलं गारं (जमिनीसाठीचं मातीचं मिश्रण, पायरी ७) पसरलं की कच्चा बोर्ड वाकतो, आणि वाकलेला बोर्ड पुढे सरळ होत नाही. ३ मिमीचा एमडीएफ तर हमखास वाकतो.

४. किट जोडणं

भाग रनरवरून (ज्या प्लास्टिकच्या चौकटीला तो जोडलेला येतो तिच्यावरून) दोन कापांत सुटा करा. पहिला काप भागापासून दोनतीन मिमी लांब, दुसरा अर्धा मिमी सोडून. उरलेला टेंगूळ ४०० ने सुरू करून ८०० पर्यंत घासा. एकाच कापात भागाला लगटून कापलं तर प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो. गडद प्लास्टिकवर रंग न देता तो लपत नाही.

स्नॅप-फिट (गोंदाशिवाय जुळणारं) किट चाचणीसाठी जोडायचं असेल तर पिनांचं टोक तिरकं कापून निम्मं करा. नाहीतर रंगासाठी पुन्हा उघडताना पिन आतच तुटते.

दोन अर्ध्या भागांमधली जोडरेषा घालवायची तर दोन्ही कडांना सिमेंट लावा, तीस सेकंद थांबा, मग दाबा. वितळलेलं प्लास्टिक बारीक मण्यासारखं बाहेर आलं पाहिजे. ते ४८ तास वाळू द्या आणि मगच घासा. चार तासांत घासलंत तर त्या दिवशी रेषा गेलेली दिसते. आतलं प्लास्टिक नंतर आकसतं आणि रंगाखालून रेषा पुन्हा डोकावते.

कुठलं प्लास्टिक आहे ते रनरवरच्या खुणेत पाहा. पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याला गोंद आणि रंग नीट धरतात. सांध्यांतले मऊ राखाडी पॉलीकॅप पीई असतात, त्यांना ना गोंद धरतो ना रंग. आणि तिसरं एबीएस, सांध्यांत वापरलं जाणारं कडक प्लास्टिक. या एबीएसबद्दल पायरी ६ मध्ये मोठा इशारा आहे.

तपशील वाढवताना हात आवरा. यंत्राच्या एका बाजूला ०.५ मिमी शीटच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला मोकळं सपाट पॅनल, अशी विरळ-दाट मांडणी ठेवा. सगळीकडे सारख्याच रेघा मारल्या की डोळ्याला थांबायला जागा उरत नाही. पॅनल लाइन (आवरणाच्या तुकड्यांमधल्या खाचा) कोरताना जाड लेबल टेपचा आधार घ्या आणि चारपाच हलक्या फेऱ्या मारा. पहिल्याच फेरीत जोर लावला की सुई घसरते.

पवित्रा ठरला की सांधे पक्के चिकटवून टाका. डायोरामातलं यंत्र पुन्हा हलवायचं नसतं. चार नंबरचा उजवा खांदा वर, कंबर डावीकडे कललेली, डावा गुडघा किंचित वाकलेला, आणि सगळा भार डाव्या टाचेवर. आरशासमोर जड कपाट पेलल्याचा आव आणून बघा, कुठे ताण येतो ते लगेच कळतं. दोन्ही पाय सरळ आणि खांदे समतोल ठेवले की यंत्र भार पेलतंय हे कुणालाच पटणार नाही.

पायाचा तळवा पोकळ असतो. तो इपॉक्सी पुटीने भरा, पुटी कडक झाल्यावर १.५ मिमी भोक पाडा आणि पितळी सळई बसवा. सळई पूर्ण फोम ओलांडून बोर्डात शिरेल इतकी लांब हवी. नुसत्या फोममध्ये खोचलेली सळई काही आठवड्यांत सैल होते.

५. मूळ रंग

भाग भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. प्रायमर २० ते २५ सेंमीवरून, छोट्या फटक्यांत द्या. फटका भागाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा. कॅन थंड असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात कधीही नाही, कॅन फुटू शकतो. हवेत दमटपणा जास्त असेल त्या दिवशी स्प्रे करू नका. क्लिअर कोट पांढुरका पडतो तो याच कारणाने.

बाटलीतला रंग जसाच्या तसा मारला की लहान मॉडेलवर तो गरजेपेक्षा गडद दिसतो. मोठी वस्तू लांबून पाहताना मधल्या हवेमुळे फिकी दिसते, तो फिकेपणा इथे रंगातच आणावा लागतो. साधारण दहा भाग रंगात एक भाग फिकट करडा घाला. पांढऱ्याने लाल गुलाबी होतो, म्हणून लालसाठी थोडा नारिंगी किंवा वाळूचा रंग घ्या. चार नंबरचा पिवळा आधीच फिकट करा. डाव्या गुडघ्यासाठी मात्र तोच पिवळा न मिसळता वापरा, म्हणजे तो नंतर बसवलेला वाटेल.

क्रम लक्षात ठेवा: प्रायमर, मूळ रंग, ग्लॉस, डेकल (क्रमांक-चिन्हांचे पातळ छापील तुकडे), पुन्हा हलका ग्लॉस, वॉश, मॅट. डेकलखाली ग्लॉस नसेल तर खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि डेकलची पारदर्शक कड चंदेरी चमकते. पारदर्शक भाग मॅट कोटच्या आधी काढून ठेवा किंवा झाका, नाहीतर कॉकपिटची काच धुरकट होते.

६. झीज, गंज, चिखल

सर्वांत जास्त मजा इथे येते आणि सर्वांत जास्त कामंही इथेच बिघडतात. सेवापुस्तिका समोर उघडी ठेवूनच बसा.

आधी तो इशारा. इनॅमल वॉश आणि त्याचं थिनर एबीएसला तडे पाडतं. ताण असलेल्या पॉलिस्टायरीनच्या भागांनाही, विशेषतः घट्ट बसलेल्या पिनांभोवती, हाच धोका असतो. वॉश सांध्यात झिरपतो, रात्रभर आत राहतो आणि सकाळी गुडघा दोन तुकड्यांत मिळतो. म्हणून एबीएसच्या भागांवर अ‍ॅक्रिलिक वॉश वापरा. बाकी ठिकाणी, जे भाग चिकटवलेले नाहीत ते वॉश देण्याआधी सुटे करा, ब्रशच्या टोकाने अगदी थोडा वॉश रेषेत सोडा आणि जादाचा लगेच टिपा.

उडालेला रंग (चिपिंग) स्पंजने करणं सोपं. स्पंजचा कपटा फाडा, गडद तपकिरी-करड्या रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि मग कडांवर टेकवा. १/१४४ मध्ये १ मिमीचा टवका प्रत्यक्षात १४ सेंमीचा असतो. बहुतेक टवके टाचणीच्या टोकाएवढेच हवेत. मोठा टवका ठेवायचा तर त्यामागे घटना हवी. चार नंबरवर असा एकच मोठा घाव आहे: उजवा खांदा, जिथे दरवाजाची कड तीन दिवस घासत होती. तिथे हेअरस्प्रेची पद्धत वापरा. राखाडी धातूचा थर, त्यावर क्लिअर कोट, वाळल्यावर हेअरस्प्रेचे दोन थर, त्यावर अ‍ॅक्रिलिक पिवळा. पिवळा हाताला कोरडा लागला की त्याच तासात पाणी लावून ताठ ब्रशने घासा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर रंग घट्ट होतो आणि सुटत नाही. घासायची दिशा दरवाजाच्या कडेला समांतर ठेवा. वाटोळं घासलेला खांदा काहीच सांगत नाही.

पाण्याचे आणि गंजाचे ओघळ तैलरंगाने काढा. ट्यूबमधला रंग पुठ्ठ्यावर तासभर ठेवला की जादाचं तेल शोषलं जातं. मग बारीक ठिपका ठेवा आणि थिनरने ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने खाली ओढा. खाली म्हणजे नेमकं कुठे? यंत्र आता ज्या स्थितीत आहे तिथलं खाली नव्हे. यंत्र बराच काळ ज्या स्थितीत उभं असतं तिथलं खाली. चार नंबर वर्षभर शेडमध्ये ताठ उभं असतं, म्हणून त्याचे जुने गंजाचे ओघळ हाताच्या लांबीने बोटांकडे जातात. आज हात वर उचललेला असल्यामुळे ते ओघळ आता आडवे दिसणार. ताजा, ओला ओघळ मात्र आजच्या उभ्या रेषेत. हा फरक फार थोड्यांना नीट ओळखता येईल, पण यंत्र खरं वाटतंय एवढं सगळ्यांनाच जाणवेल.

चिखलाची पातळी आखून घ्या. पुराचं पाणी ४.३ मीटर चढलं होतं असं ठरवलं, तर तळापासून ३० मिमीवर रेष. ती यंत्रावर आणि धरणाच्या भिंतीवर एकाच उंचीला हवी. पाण्याला यंत्र आणि भिंत यांत फरक कळत नाही. पायरी ७ मधली भिंत उभी झाली की यंत्र तळावर उभं करून, पेन्सिल एका ठोकळ्यावर आडवी ठेवून सगळीकडे फिरवा, रेष आपोआप समान येते. पाणी टप्प्याटप्प्याने ओसरलं, म्हणून खाली आणखी दोन फिक्या रेषा. रेषेच्या वर चिखल नाही, फक्त उडालेले शिंतोडे.

पिगमेंट सर्वांत शेवटी. त्यावर मॅट कोट फवारलात तर निम्मी छटा नाहीशी होते. कोरडं पसरून पिगमेंट फिक्सरचा (पूड धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंब कडेला टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो.

७. जमीन, भिंत, पाणी

फोमवर स्प्रे कॅन मारू नका, त्यातला सॉल्व्हंट एक्सपीएस वितळवतो. सुपरग्लूही तेच करतो. फोम चिकटवायला पीव्हीए, आणि रंगाआधी पीव्हीए व अ‍ॅक्रिलिक रंगाचा एकत्र थर.

काँक्रीटची भिंत फोममधून कापा, त्यावर बारीक पुटीचा हात फिरवा आणि ८.३ × १६.७ मिमीच्या चौकटी हलक्या कोरा. ते साच्याच्या १.२ × २.४ मीटर प्लायवुडचे ठसे. एवढ्या एका गोष्टीने भिंतीला माप मिळतं. दरवाजा १ मिमी शीटचा, मागे २ मिमीच्या आडव्या पट्ट्या, कडेला पीव्हीएच्या थेंबांचे रिवेट.

जमिनीचं गारं: दोन भाग पेपर पल्प, एक भाग बारीक चाळलेली माती, एक भाग पीव्हीए, मातीच्या रंगाचा अ‍ॅक्रिलिक, आणि थापता येईल इतकंच पाणी. माती आधी ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर तापवा, नाहीतर पुढे बुरशी धरते. थर ३ मिमीपेक्षा जाड नको. एकदम जाड थापलं तर भेगा पडतात, आणि त्या भेगा वाळलेल्या तळ्यासारख्या दिसतात. आपल्याला नुकता ओसरलेला पूर हवाय.

गारं ओलं असतानाच पाय दाबून ठसा घ्या. त्याआधी तळव्यावर पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा. ओल्या गाळात एवढं जड यंत्र तीन दिवस उभं होतं, तेव्हा २ मिमी, म्हणजे प्रत्यक्षात ३० सेंमी, तरी रुतायलाच हवं. टाचेवर भार आहे म्हणून टाचेकडे ३ मिमी. पायाच्या कडेने चिखल किंचित वर उचलला गेलेला ठेवा. मागे एक जुना, अर्धवट भरलेला ठसा सोडा, म्हणजे यंत्र कुठून चालत आलं ते कळतं.

आता एक नियम, जो कधीच मोडू नका: पायावरचा चिखल आणि जमिनीवरचा चिखल एकाच वाटीतला हवा. वेगवेगळ्या दिवशी मिसळलेल्या दोन तपकिरी छटा जुळत नाहीत, आणि यंत्र दुसरीकडून आणून ठेवल्यासारखं दिसण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. लागेल त्याच्या दुप्पट मिश्रण करा आणि झाकणाच्या डबीत ठेवा.

डबक्यांसाठी इपॉक्सी रेझिन. आधी तळ गढूळ रंगाने रंगवा, कडा पीव्हीएने बंद करा. रेझिन आणि हार्डनर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात काटेकोर मोजा; अंदाजाने मिसळलेलं रेझिन कायम चिकट राहतं. एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त ओतू नका, कारण कडक होताना ते तापतं आणि खालचा फोम बसतो. वर खोकं पालथं घाला आणि २४ तास हात लावू नका. हातमोजे घाला.

८. माणसं आणि दिवे

१२ मिमीच्या माणसाला डोळे रंगवू नका. त्वचेचा रंग, त्यावर तपकिरी वॉश, कपाळावर आणि नाकावर फिकट ठिपका, एवढं पुरे. चालकाला यंत्राच्या अगदी जवळ ठेवा. दूर ठेवला तर दोघांच्या उंचीची तुलना डोळा करत नाही. काढलेला एक बूट बाजूला पडलेला असावा. दुसरी माणसं घालायचीच तर एक जण वर दरवाजाकडे बघणारा, बस. उरलेली गर्दी नको.

कॉकपिटमध्ये दिवा हवा असेल तर ५ व्होल्टच्या यूएसबी पुरवठ्यावर पांढऱ्या एलईडीला २२० ओहम, लाल एलईडीला ३३० ओहम रेझिस्टर लावा. दोन्ही ९ मिलिअँपिअरच्या आसपास चालतात. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर हवा. आवरण आतून आधी काळं, मग चंदेरी रंगवा, नाहीतर पिवळ्या प्लास्टिकमधून सगळं डोकं कंदिलासारखं उजळतं. आणि वायर पायातून खाली न्यायची हे पायरी ४ मध्येच ठरवा, सांधे चिकटवल्यावर वाट मिळत नाही.

९. नामपट्टी

जास्तीत जास्त तीन ओळी. दिसतंय ते पुन्हा सांगू नका. ‘पूर ओसरल्यानंतर यंत्राजवळ बसलेला चालक’ हे वाया गेलेलं वाक्य. ‘चार नंबर. दरवाजा क्र. ७. तिसरा दिवस, सकाळी ६.४०’ असं लिहिलं की पाहणारा खांद्याकडे पुन्हा बघतो आणि उरलेलं स्वतः जोडतो.

१०. फोटो आणि जपणूक

१/१४४ च्या माणसाचे डोळे जमिनीपासून ११ मिमीवर असतात. कॅमेऱ्याची लेन्स शक्य तितकी तिथे न्या. मोबाइल उलटा धरला की लेन्स खालच्या कडेला येते आणि जमिनीलगत पोहोचते. वरून काढलेल्या फोटोत १८ मीटरचं यंत्रही बाहुलीसारखं येतं. मागे फिकट निळसर-करडा मोठा कागद वाकवून लावा, आणि प्रकाश एकाच बाजूने.

धूळ हा एकमेव शत्रू नाही. थेट उन्हात रेझिन पिवळं पडतं, डेकल फिकट होतात. पारदर्शक आवरण बनवताना सर्वांत उंच टोकाच्या वर २० मिमी मोकळी जागा ठेवा. अँटेना, शिडीसारखे नाजूक भाग न चिकटवता नुसते खोचलेले ठेवा, म्हणजे हलवताना काढून घेता येतील.

सेवापुस्तिकेचं पान तळाच्या खालच्या बाजूला पाकिटात घालून चिकटवा. त्याच्या मागे प्रत्येक मिश्रणाचं प्रमाण लिहा, आणि चिखलाच्या वाटीतलं चमचाभर वाळवून त्याच पाकिटात ठेवा. कधी ना कधी पायाजवळचा टवका निघेलच, आणि तेव्हा तो तपकिरी पुन्हा जुळवायचा असेल.